बारा तास आणि पंचाहत्तर वर्षे

गेल्या हिवाळ्यात फ्लोरिडातील एका बंदरावर आम्ही पाच जण क्रूझवरून उतरलो: मी, पत्नी, मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात. आदल्या रात्रीच बॅगांना क्रमांक छापलेले रंगीत टॅग बांधून त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवून दिल्या होत्या आणि सकाळी आमच्या क्रमांकाचा पुकारा होईपर्यंत आम्ही जिन्यापाशी बसून होतो. पुण्याहून निघताना पत्नीने नेहमीप्रमाणे एक फाइल जमवली होती. तीत चालू पासपोर्ट, ज्यात व्हिसा आहे तो मुदत संपलेला पासपोर्ट, दोन्हींच्या झेरॉक्स, विम्याचे कागद आणि परतीचे तिकीट असे सगळे एकावर एक लावलेले होते, आणि ती फाइल तिने रांगेत छातीशी धरली होती. धक्क्यावरील इमारतीत रांग पुढे सरकली तेव्हा दिसले की अधिकाऱ्याच्या खिडकीआधी एका दांड्यावर तळहाताएवढा कॅमेरा बसवलेला आहे. चष्मा आणि टोपी काढायची, जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर उभे राहायचे, समोर पाहायचे, पडद्यावर हिरवी खूण उमटली की पुढे सरकायचे. नातीची उंची पुरेना म्हणून जावयाने तिला उचलून धरले. तिला तो खेळ वाटला आणि तिने कॅमेऱ्याला सगळे दात दाखवले. अधिकाऱ्याने आम्हा दोघांना भारतात परत कधी जाणार एवढेच विचारले. फाइल उघडावी लागलीच नाही, आणि त्यामुळे पत्नी बाहेर आल्यावर थोडी खट्टूच झाली होती.

कॅमेरा पाचही जणांना एकच होता, पण पुढे त्या पाच छायाचित्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुलगी, जावई आणि नात अमेरिकेचे नागरिक आहेत. नागरिकांची अशी छायाचित्रे ओळख पटल्यावर बारा तासांच्या आत पुसली जातात, असे तेथील सीमाशुल्क व सीमा संरक्षण खाते म्हणजे सीबीपी सांगते. शिवाय नागरिकाला कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास नकार देता येतो. मग अधिकारी पासपोर्ट हातात घेऊन जुन्या पद्धतीने तपासतो. आम्हा परदेशी दोघांची छायाचित्रे मात्र तेथील गृहसुरक्षा खात्याच्या बायोमेट्रिक भांडारात जातात आणि ती ७५ वर्षांपर्यंत ठेवता येतात. पूर्वी १४ वर्षांखालील आणि ७९ वर्षांवरील परदेशी व्यक्तींना यातून सूट होती. २६ डिसेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नियमाने तीही गेली, आणि देशात येतानाच नव्हे तर देशाबाहेर जातानाही छायाचित्र घेण्याचा अधिकार त्या खात्याला मिळाला. मी ६७ वर्षांचा आहे. म्हणजे माझा चेहरा माझ्या पश्चात निदान पन्नास वर्षे तरी अमेरिकेत मुक्कामाला राहील, आणि तोही व्हिसा न वाढवता.

मला या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. सीमेवर चेहरा पाहण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाहण्याच्या अधिकारातून ठेवून घेण्याचा अधिकार आपोआप निघत नाही. त्याचे समर्थन स्वतंत्रपणे द्यावे लागते, त्याची मुदत त्या समर्थनाला शोभेल अशी असावी लागते, आणि ती एखाद्या खात्याच्या संकेतस्थळावरील आश्वासनात नव्हे, तर कायद्यात लिहिलेली असावी लागते.

आधी यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलू. सीमेवरील अधिकारी पासपोर्टवरील छायाचित्राशी समोरचा चेहरा ताडून पाहतो, हे गेली शंभर वर्षे चालू आहे. यंत्राने त्यात तत्त्वतः नवे काही आणलेले नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ सालीच प्रवासाच्या कागदपत्रांसाठी बोटांच्या ठशांपेक्षा चेहऱ्याला पसंती दिली, ती याच कारणाने. क्रूझच्या धक्क्यावर तर यंत्राची गरज नुसत्या आकडेमोडीनेही पटते. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजात एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने ५,६१० प्रवासी मावतात आणि सगळ्या जागा भरल्या तर ७,६००. प्रत्येकाला एक मिनिट आणि दहा खिडक्या धरल्या तरी ५,६१० जण उतरायला नऊ तासांहून अधिक वेळ लागेल, आणि जहाजाला तर त्याच दिवशी केबिन झाडून, चादरी बदलून, तितकेच नवे प्रवासी घेऊन सायंकाळच्या आत बंदर सोडायचे असते. विमानतळावर प्रवासी थोडेथोडे येतात; क्रूझ म्हणजे एक अख्खे गाव एका दारातून एका सकाळी बाहेर पडते.

यंत्राचे काम धक्क्यावर बरे चालते, त्यालाही कारण आहे. जहाजावर कोण आहे याची यादी खात्याकडे आधीच पोहोचलेली असते. त्या यादीतील लोकांची पासपोर्ट आणि व्हिसाच्या वेळची छायाचित्रे काढून एक छोटा संच तयार केला जातो आणि कॅमेऱ्यापुढील चेहरा फक्त त्या संचाशी ताडला जातो. माझा चेहरा जगातील कोट्यवधी चेहऱ्यांत शोधायचा नसून जहाजावरच्या काही हजारांत शोधायचा असतो. माझे मूळ छायाचित्र कित्येक वर्षांपूर्वी मुंबईत व्हिसासाठी दहा बोटांचे ठसे देताना घेतले होते. त्यानंतर केस गेले, वजन वाढले, तरी यंत्राला मी सापडलो. मात्र हेच तंत्र धक्क्यावरून उचलून रस्त्यावर लावले की चित्र पालटते. हरवलेली मुले शोधण्यासाठी वापरलेल्या प्रणालीची अचूकता अवघी २ टक्के असल्याचे दिल्ली पोलिसांनी २०१८ साली उच्च न्यायालयात सांगितले होते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१९ च्या डिसेंबरात चेहरा ओळखणाऱ्या १८९ अल्गोरिदमांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी अनेकांत, गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत, एकाला दुसराच समजण्याची चूक दहा ते शंभर पटींनी अधिक आढळली. धक्क्यावर अशी चूक झाली तर बाजूला एक अधिकारी उभा असतो आणि हातात पासपोर्ट असतो. रस्त्यावर यांपैकी काहीच नसते.

म्हणून ‘यंत्र चुकते’ हा युक्तिवाद मी येथे पुढे रेटत नाही. यंत्र दरवर्षी सुधारते आहे, आणि ज्याचा सगळा आक्षेप चुकांवर बेतलेला आहे त्याला यंत्र बिनचूक झाल्याच्या दिवशी गप्प बसावे लागेल. माझा आक्षेप बिनचूक यंत्रालाही लागू आहे.

परदेशी माणूस आला आणि मुदतीत परत गेला की नाही, हे जाणून घेण्याचा हक्क कोणत्याही देशाला आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ साली येण्याजाण्याची बायोमेट्रिक नोंद ठेवण्याची शिफारस केली होती, तिचा हेतू हाच. हा हेतू मान्य केला, तर मी विमानात बसून मुंबईस उतरलो त्या दिवशी तो सफल झाला. त्यानंतर काही वर्षे नोंद ठेवली, पुढच्या भेटीच्या वेळी ती उपयोगी पडेल म्हणून, तर तेही समजण्यासारखे आहे. युरोपीय संघाने १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू केलेली प्रवेश-निर्गमन प्रणाली याच हेतूसाठी आहे, तीही परदेशी माणसाचा चेहरा घेते, आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षे ठेवते. बाहेर गेल्याची नोंदच नसेल तर पाच वर्षे. काम तेच, हेतू तोच, एकीकडे ३ आणि दुसरीकडे ७५. या दोन आकड्यांमधील ७२ वर्षांचे काय करायचे आहे, हा प्रश्न विचारण्यात कोणताही आगाऊपणा नाही.

ठेवलेली वस्तू हरवते, हा अनुभवही जुना नाही. २०१९ साली सीबीपीच्या एका उपकंत्राटदाराने चाचणीच्या काळात घेतलेली प्रवाशांची छायाचित्रे परवानगीशिवाय स्वतःच्या यंत्रणेवर नेली आणि तेथून ती हॅकरांच्या हाती लागली. गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालानुसार त्यांत सुमारे १ लाख ८४ हजार छायाचित्रे होती आणि त्यांतील किमान १९ डार्क वेबवर पोहोचली. खात्याची नियत वाईट होती असे त्या अहवालात कोठे म्हटलेले नाही. कंत्राटदाराने नियम मोडला, एवढेच. पण कोठारात धान्य असले की उंदीर येणारच, आणि ७५ वर्षांत कंत्राटदार किती बदलतील याचा हिशेब कोण देणार?

येथे थोडे मागे जावेसे वाटते, कारण भारतीय माणसाने बोटीतून उतरायचे की नाही आणि उतरताना काय द्यायचे, हा वाद आपल्याला नवा नाही. १८ डिसेंबर १८९६ रोजी ‘कुरलँड’ आणि ‘नादरी’ या दोन बोटी मुंबईहून दरबानला पोहोचल्या. मुंबईत प्लेग आहे या कारणाने त्यांना धक्क्याबाहेर क्वारंटाइनमध्ये थांबवून ठेवले आणि प्रवाशांना उतरू दिले ते १३ जानेवारी १८९७ रोजी. प्लेग हे कारण खोटे नव्हते. पण धक्क्यावर जमलेल्या गोऱ्या जमावाला ते कारण फार सोयीचे होते. त्या प्रवाशांत मोहनदास गांधी होते. त्याच १८९७ साली प्लेगच्याच नावाखाली पुण्यात घराघरांत शिरून आणि प्रवाशांना रेल्वे स्थानकांवर अडवून तपासण्या झाल्या, त्याची परिणती काय झाली हे गणेशखिंडीच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. आणि त्याच वर्षी कलकत्त्यात जगातील पहिले बोटांच्या ठशांचे सरकारी कार्यालय उघडले.

पुढे १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने तेथील प्रत्येक भारतीयाने नोंदणी करून बोटांचे ठसे द्यावेत, असा वटहुकूम आणला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात त्याविरुद्ध शपथ घेतली गेली, आणि सत्याग्रहाचा आरंभ आपण तेथून मोजतो. येथवरची गोष्ट शाळेत शिकवतात. त्यापुढची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १९०८ च्या जानेवारीत गांधी आणि सरकारच्या वतीने जनरल स्मट्स यांच्यात तडजोड झाली: भारतीयांनी स्वेच्छेने नोंदणी करावी, मग सरकार सक्तीचा कायदा मागे घेईल. १० फेब्रुवारीला गांधी स्वतः ठसे द्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याच बाजूच्या मीर आलम या पठाणाने त्यांना वाटेत मारहाण केली. मीर आलमचा राग समजण्यासारखा होता. काल जे देणे अपमान होते ते आज देणे सौजन्य कसे? गांधींचे उत्तर असे होते की बोट तेच आणि शाई तीच असली, तरी सक्तीने देणे आणि आपण होऊन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या ठसे दिले. आणि सरकारने कायदा मागे घेतला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीच्या दाखल्यांची होळी झाली.

पुण्याच्या वाचकाला याचा आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटले, आणि नोंदणीचा काळा कायदा जाईल, गिरमिट संपलेल्या भारतीय मजुरांवरचा तीन पौंडांचा कर जाईल, अशी खात्री घेऊन बाहेर आले. गांधींना ती खात्री वाटत नव्हती. करही गेला नाही आणि १९१३ साली त्यावरून मोठा संप झाला. गोखल्यांसारख्या सावध, आकडेवारीत मुरलेल्या माणसालाही तोंडी शब्द पुरेसा वाटला होता.

मला या इतिहासातून दोन कसोट्या मिळतात. पहिली अशी की ‘ऐच्छिक’ हा शब्द तेव्हाच खरा, जेव्हा नकार देणाऱ्याला दुसरी वाट असते आणि ती वाट त्याला दिसते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे जीएओने, २०२० साली म्हटले होते की सीबीपीच्या चेहरा-ओळख ठिकाणांवर नकाराच्या हक्काची सूचना देणारे फलक काही ठिकाणी अपुरे, काही ठिकाणी जुने, तर काही ठिकाणी नव्हतेच. आमच्या रांगेत फलक होता. पण समोर पाहा, पाऊल येथे ठेवा, पुढे व्हा, या ओघात तो वाचायला कोणी थांबले नाही, आणि माझी मुलगी, जिला नकाराचा हक्क होता, तिने तो नंतर माझ्याकडून ऐकला. दुसरी कसोटी अशी की आजच्या अधिकाऱ्याने दिलेला शब्द उद्याच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतो. बारा तास हा आकडा कायद्यात नसेल तर तो पाळणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

या कसोट्या अमेरिकेला लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. भारतही परदेशी पाहुण्यांची छायाचित्रे आणि ठसे घेतो. आणि आपल्या नागरिकांबाबत आपण काय करतो? १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसी येथे चेहरा दाखवून विमानतळात शिरण्याची डिजियात्रा ही सोय सुरू झाली, आणि २०२३ च्या मार्चअखेरीस ती पुण्यात लोहगावला आली. तिच्यात प्रवाशाची माहिती त्याच्या फोनमध्ये राहते आणि विमानतळाला दिलेला भाग उड्डाणानंतर २४ तासांत पुसला जातो, अशी रचना आहे. रचना म्हणून ती अमेरिकेच्या ७५ वर्षांपेक्षा कितीतरी सभ्य आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण ती चालवणारे डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी आहे, तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आणि उरलेला पाच विमानतळ कंपन्यांचा, आणि माहिती अधिकाराचा कायदा तिला लागू नसल्याचे सांगितले गेले आहे. पुसले की नाही, हे विचारायचे कोणाला? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, त्यांतील मुख्य बंधने १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत, आणि त्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला सार्वभौमत्व, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी अधिसूचनेने सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना सांगितले होते की त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, वैध हेतू हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. यातील प्रमाणाची अट आपण फार लवकर विसरलो.

विमानात चढताना तर सीमाही नसते. पुण्याहून दिल्लीला जाणारा माणूस कोणताही देश ओलांडत नाही. तरी चेहऱ्याने दार उघडण्याची सवय आपल्याला तेथेच लागली, आणि ती आता विमानतळापुरती राहिलेली नाही. माझ्या परिचयाच्या एका सोसायटीच्या फाटकावर गेल्या वर्षी चेहरा ओळखणारे यंत्र बसले. ते रहिवाशांसाठी नाही. रहिवासी गाडीच्या काचेवरील स्टिकर दाखवून आत जातात. यंत्र आहे ते घरकामाला येणाऱ्या मावशींसाठी, ड्रायव्हरांसाठी आणि दूधवाल्यासाठी. एक मावशी पावसात डोक्यावर पदर घेऊन आल्या तर यंत्र ओळखेना; वॉचमन त्यांना अकरा वर्षे ओळखतो, पण त्याला सांगितले आहे की यंत्राने हो म्हटल्याशिवाय सोडायचे नाही. त्यांचे छायाचित्र कोठे साठते, काम सुटल्यावर पुसतात का, हे मी समितीतील एका गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, ‘ॲपवाल्यांकडे असेल.’ नागरिकाला बारा तास आणि परक्याला पंचाहत्तर वर्षे, ही वाटणी करायला अमेरिकेलाच जावे लागते असे नाही.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर मी हे बोललो तेव्हा अपेक्षेप्रमाणे उत्तर आले: कर नाही त्याला डर कशाला? आधार दिले, पॅन दिले, फोनमध्ये चेहरा दिला, आता एका बोटीवर काय बिघडले? या म्हणीत एक गृहीत दडलेले आहे, ते असे की कर कशाला म्हणायचे हे कायम तेच राहणार आहे. ७५ वर्षांपूर्वी, १९५१ च्या सुमारास, कोणत्या गोष्टी गुन्हा होत्या आणि आज कोणत्या नाहीत, किंवा उलट, याची यादी आमच्या कट्ट्यावरील निवृत्त वकिलांनीच करून पाहावी. आणि आधी खूप दिले म्हणून आणखी द्यावे, हा युक्तिवाद तर सावकाराचा झाला.

मुंबईच्या बॅलार्ड पियरवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला सुमारे १० लाख प्रवाशांची क्षमता आणि चेक-इन व इमिग्रेशनसाठी ७२ काउंटर, असा त्याचा आवाका आहे. विमानतळांवर विश्वासू प्रवाशांसाठी ठसे आणि चेहरा घेऊन चालणारी जलद इमिग्रेशन फाटके २०२४ मध्ये दिल्लीत आणि २०२५ मध्ये मुंबईत आली आहेत. धक्क्यावर ती यायला फार काळ लागेल असे मला वाटत नाही. आली तर मी त्यांना विरोध करणार नाही. मात्र येण्याआधी तीन गोष्टी कायद्याने ठराव्यात असे मला वाटते: घेतलेले छायाचित्र किती तासांत पुसायचे, ते पुसले हे बाहेरच्या कोणी तपासायचे, आणि कॅमेऱ्याशेजारी माणूस बसलेली एक खिडकी कायम उघडी ठेवायची, जिच्यावर मराठीत आणि हिंदीतही ठळक लिहिलेले असेल की येथे चेहरा न देता तपासणी होते. खिडकीची रांग लांब असेल, असू दे. परदेशी प्रवाशांनाही हीच मुदत लागू करावी, नाहीतर अमेरिकेतल्या त्या भांडाराबद्दल कुरकुर करण्याचा आपल्याला हक्क राहणार नाही.

परत आल्यावर मागच्या महिन्यात दिल्लीला जायचे होते. लोहगावच्या नव्या टर्मिनलवर डिजियात्रेच्या दाराने लोक भराभर आत जात होते. मी शेजारच्या रांगेत उभा राहिलो. पुढे सात जण होते. माझी पाळी आली तेव्हा जवानाने तिकीट पाहिले, आधार कार्ड हातात घेतले, त्यावरचे छायाचित्र पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा कार्डाकडे. ‘इसमें तो मूँछ है, सर,’ तो म्हणाला. मी म्हटले, पाच वर्षांपूर्वी काढली. त्याने हसून कार्ड परत दिले.